टॉर्क बरोबर, तरी हेड गळतंय : इंदूरच्या एका अ‍ॅम्बॅसडरचं प्रकरण

गाडी पेट्रोल अ‍ॅम्बॅसडर. इंजिन १४८९ सीसीचं, बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) जुन्या बी-सिरीज घराण्यातलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७३ मिमीच्या जराशी वर; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८८.९ मिमी. सिलिंडर असलेला ब्लॉकही बिडाचा आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेडही बिडाचं. हेड बोल्टने नाही, तर ब्लॉकमध्ये रोवलेल्या ११ स्टडवर (दोन्ही टोकांना आटे असलेल्या सळ्यांवर) बसतं आणि वरून नट आवळतात. मालक लोकमान्य नगरातले निवृत्त काका. गाडी घरात नवी आल्यापासून त्यांच्याकडेच आहे आणि आजही महिन्यातून एकदा तरी ती शहराबाहेर निघते.

तक्रार साधी होती. रेडिएटरचं पाणी कमी होत होतं, पण खाली जमिनीवर थेंब नव्हता. शहरात तापमानाचा काटा जागेवर राहायचा, मात्र ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाट चढला की वर सरकायचा. इंजिन गरम असताना रेडिएटरच्या गळ्याशी बारीक बुडबुडे यायचे. तेलात पाणी उतरलेलं नव्हतं. कोणताही मिस्त्री ऐकल्याबरोबर सांगेल की हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलं. तसं सांगितलंही होतं आणि वर्षभरात ते दोनदा बदलूनही झालं होतं. दुसऱ्या वेळी हेड फेसिंगला, म्हणजे खालची बाजू सपाट करायला दिलं, गॅस्केट चांगल्या प्रतीचं आणलं आणि नट टॉर्क रेंचने, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क) दाखवणाऱ्या पान्याने आवळले. काकांनी ते आवळणं समोर उभं राहून पाहिलं होतं. तरी दोन महिन्यांत बुडबुडे परत आले.

गाडी मग ज्या मिस्त्रीकडे आली तो माझ्या चांगल्या ओळखीचा. त्याने फोनवर एवढंच विचारलं, "सर, टॉर्क मारून दिलेलं हेड दोनदा गळतं म्हणजे ब्लॉकला तडा समजायचा का?" तडा असू शकतो, हे खरं. पण ब्लॉकवर संशय घेण्याआधी स्टडकडे बघायला हवं होतं आणि तिकडे तोवर कुणी पाहिलंच नव्हतं. गॅस्केट, हेड, रेंच या तिन्हींची चौकशी झाली होती. ज्या ११ सळ्यांवर हा सगळा जोड उभा आहे त्या मात्र जशा होत्या तशाच राहिल्या होत्या.

आधी काय घडलं होतं

काकांना नीट विचारल्यावर मागचा धागा सापडला. पहिल्या गळतीच्या काही महिने आधी टॅपेटचा आवाज येतो म्हणून एका गॅरेजमध्ये रॉकर शाफ्ट, म्हणजे हेडवरच्या झडपा उघडणाऱ्या रॉकरांचा दांडा, काढला होता. पाणी काढलेलं नव्हतं. बाकी इंजिनाला हात लावला नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

हे इंजिन ज्याने उघडलंय त्याला इथेच शंका येईल. बी-सिरीजमध्ये रॉकर शाफ्टचे चार पाय हेडवर बसतात आणि त्या प्रत्येक पायाला धरणाऱ्या दोन नटांपैकी एक हेडचा नट असतो. म्हणजे ११ पैकी चार नट एकाच वेळी रॉकरही धरतात आणि हेडही दाबतात. रॉकर काढायला ते चार सोडले की हेडची एक बाजू ढिली पडते आणि दुसरी आवळलेलीच राहते. हेड किंचित वाकतं, गॅस्केटवरचा दाब सुटतो आणि जॅकेटमध्ये (इंजिनातल्या पाण्याच्या वाटांमध्ये) पाणी असेल तर ते त्या फटीत शिरतं. म्हणूनच या घराण्याच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की रॉकर काढायच्या आधी पाणी काढा आणि अकराच्या अकरा नट क्रमाने ढिले करा. एकदा दबलेलं गॅस्केट सुटून पुन्हा दाबलं की पहिल्यासारखं बसत नाही.

त्यानंतर पहिल्यांदा गॅस्केट बदलताना एक स्टड तुटला होता. तुटका तुकडा काढला आणि नवा स्टड "खरादवाल्याकडून बनवून घेतला", म्हणजे लेथवर. काकांनी हे सहज सांगितलं. बिलात त्याची नोंदही नव्हती.

उघडण्याआधीची तपासणी

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजून घेतलं. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला १३५ आणि १३० पीएसआय, मधल्या दोघांना ९० आणि ८५. शेजारचे दोन सिलिंडर सोबत खाली आले तर दोघांमधली गॅस्केटची पट्टी गेलीय, असं बहुतेक वेळा निघतं. या इंजिनात तसंही तिथेच सगळ्यात जास्त तापतं, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट एकाच पोर्टमधून बाहेर पडतो.

मग रेंचची परीक्षा. मिस्त्रीचा क्लिकवाला रेंच (लावलेला आकडा आला की टक् असा आवाज करणारा) त्याने कित्येक वर्षांत कुठे तपासून घेतला नव्हता. ही तपासणी घरी होण्यासारखी आहे. रेंचचा चौकोनी टोक असलेला भाग व्हाइसमध्ये आडवा धरायचा, त्याच्या मध्यापासून बरोबर ५० सेंटीमीटरवर दांड्याला खूण करायची आणि तिथे किराणा दुकानातलं १० किलोचं वजन टांगायचं. ते सुमारे ४९ न्यूटन-मीटर होतात आणि रेंचच्या स्वतःच्या वजनाचे थोडे वर. आकडा हळूहळू खाली आणत क्लिक कुठे येते ते बघायचं. या रेंचची चूक दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. क्लिक रेंचला आंतरराष्ट्रीय मानकात ४ टक्के इकडेतिकडे चालतात, त्यामुळे रेंच निर्दोष ठरला. आधीच्या गॅरेजचा रेंच पाहायला मिळाला नाही. पण पुढे जे दिसलं त्यावरून तोही ठीकच असावा, असं मला वाटतं.

प्रत्येक नटाच्या डोक्यापासून हेडपर्यंत पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आणि रेंच कमी आकड्यावर ठेवून आवळण्याच्या दिशेने एकेक नट पाहिला. ही पक्की कसोटी नव्हे. गंजाने धरलेला नट आतून ढिला असूनही हलत नाही. तरी जो हलतो तो खोटं बोलत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरमधले दोन नट ३० फूट-पौंडाच्या आतच सरकले. बाकीचे ४५ ला, म्हणजे हेड ज्या आकड्याला आवळतात तिथेही, हलले नाहीत. सरकलेल्यांपैकी एक नट वेगळा होता. बाकीच्यांना ९/१६ इंचाची गोटी (सॉकेट) लागत होती आणि याला १४ मिमीची घट्ट बसत होती.

उघडल्यावर

पाणी काढलं, नट आवळण्याच्या उलट क्रमाने थोडे थोडे करून सोडले आणि हेड उचललं. गॅस्केटची दुसऱ्या-तिसऱ्यातली पट्टी काळी पडून जळाली होती. त्याच जागेतून एक करडी रेघ पाण्याच्या भोकापर्यंत गेली होती. ब्लॉकमध्ये तडा दिसला नाही.

स्टड काढताना मिस्त्रीने पुठ्ठ्यावर हेडचा नकाशा काढून ११ भोकं पाडली आणि जो स्टड जिथून निघाला तो तिथेच खोचला. हे प्रत्येकाने करावं. एका डब्यात टाकलेले स्टड काही सांगू शकत नाहीत.

आता खरादवर बनवलेला स्टड. हातात घेतल्याबरोबर आट्यांचा खडबडीतपणा जाणवला. बाकीच्यांचे आटे रोल केलेले, म्हणजे दाबून उमटवलेले, गुळगुळीत आणि चमकते. याचे आटे टूलने कापलेले, कडा धारदार आणि तळ फाटल्यासारखा. बारीक कानस लावली तर मूळ स्टडवर ती घसरायची आणि याच्यावर मात्र सहज चावायची. साध्या एमएसच्या (माइल्ड स्टीलच्या) सळईतून काढलेला तुकडा होता. त्यावर एक नवा, स्वच्छ ३/८ यूएनएफ (बारीक आट्यांच्या इंची मापाचा) नट हाताने फिरवत नेला. सुरुवातीला मोकळा गेला आणि पाच-सहा आट्यांनंतर अडकला. मागे घेऊन पुन्हा नेला, तरी नेमका तिथेच अडकला. तिथे कचरा नव्हता. पिच गेज, म्हणजे आट्यांमधलं अंतर तपासायची पट्टी लावली तेव्हा कळलं की नट जिथे बसायचा त्याच्या खालचे आटे एकमेकांपासून दूर गेलेत. स्टड कायमचा ताणला गेला होता. मायक्रोमीटरने तोच भाग मधे किंचित बारीक झालेलाही दिसला.

बाकीच्या दहांपैकी तीन जुन्या स्टडच्या मधल्या भागाला गंजाने खड्डे पाडले होते. वर्षानुवर्षं नळाचं आणि बोअरिंगचं पाणी घालून चालवलेल्या इंजिनात हे दिसणारच. नटांखालचे वॉशर वाटीसारखे वाकले होते. एका ठिकाणी चक्क स्प्रिंग वॉशर होता, त्याचं हेडवर काही काम नाही.

आणि ब्लॉक. वरून स्वच्छ केल्यावर सरळकाठी ठेवली आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पानं) घातला. काठी सपाट टेकेना. खाली दिवा धरला तर प्रकाशाची फट पूर्ण लांबीत नव्हती, ती स्टडच्या भोकांच्या आजूबाजूला होती. प्रत्येक भोकाच्या काठावर धातूची बारीक कडा वर आलेली होती. बोट फिरवलं तरी लागत होती आणि खरादच्या स्टडच्या भोकाला सगळ्यात ठळक होती. वर्षानुवर्षं स्टड वर ओढला जातो, तो भोकातला सगळ्यात वरचा आटा ओढतो आणि काठावरचा धातू त्याच्यासोबत उचलला जातो. त्यात भर म्हणून हे स्टड कधीतरी दोन नट एकावर एक लावून, पान्याने जीव काढून ब्लॉकमध्ये आवळलेले होते. आटे संपून गुळगुळीत दांडा सुरू होतो तो भाग भोकाच्या तोंडात पाचरीसारखा घुसला होता. हेडचं फेसिंग करून आणलं, पण खालचा ब्लॉक कुणी पाहिला नव्हता. सपाट हेड त्या कडांवर टेकत होतं आणि गॅस्केटला जिथे दाब हवा, म्हणजे सिलिंडरच्या काठावर, तिथे तो कमी पडत होता.

मग क्लिक कशी आली?

मिस्त्रीचा प्रश्न अगदी योग्य होता. "स्टड इतका कच्चा होता, तर ४५ ला क्लिक कशी आली? नट फिरतच राहायला हवा होता ना?"

टॉर्क रेंच ताण मोजत नाही. नट फिरवायला किती जोर लागतोय तेवढं सांगतो. तो जोर कुठे खर्च होतो ते पाहा. साधारण निम्मा नटाच्या बुडाच्या घर्षणात जातो. ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात जातो. स्टड ताणायला, म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप, उरतात जेमतेम १० टक्के. घर्षण वाढलं तर त्याच टॉर्कला स्टडमध्ये ताण कमी येतो आणि क्लिक तरीही त्याच आकड्याला येते.

हिशोब करून पाहू. टॉर्क म्हणजे घर्षणावर ठरणारा एक गुणांक, स्टडचा व्यास आणि ताण यांचा गुणाकार, असं ढोबळ सूत्र वापरतात. ४५ फूट-पौंड म्हणजे ६१ न्यूटन-मीटर. व्यास ३/८ इंच, म्हणजे ९.५ मिमी. स्वच्छ, हलकं तेल लागलेल्या आट्यांना गुणांक ०.२ धरला तर एका स्टडमध्ये सुमारे ३२,००० न्यूटन ताण येतो, म्हणजे सव्वातीन टन. अकरा स्टडचे मिळून ३५ टनांच्या वर. गंजलेले, कोरडे किंवा खडबडीत आटे असतील तर गुणांक सहज ०.३ होतो. तोच रेंच, तीच क्लिक आणि ताण मात्र सव्वादोन टनांच्याही आत. एक तृतीयांश दाब गेला आणि रेंचला त्याचा पत्ताही नाही.

एमएसच्या स्टडचं दुहेरी नुकसान झालं. साधं एमएस २५० मेगापास्कलच्या आसपास कायमचं ताणायला लागतं. ३/८ यूएनएफ आट्यांचं ताण घेणारं क्षेत्रफळ ५६ चौरस मिमीच्या जवळपास आहे, म्हणजे दीड टन पडायच्या आतच तो स्टड वितळलेल्या गुळासारखा लांबायला लागतो. आटे गुळगुळीत असते तर नट खरंच फिरत राहिला असता आणि आवळणाऱ्याला लगेच कळलं असतं. खडबडीत आट्यांनी घर्षण वाढवलं, क्लिक लवकर आली आणि कच्चा स्टड त्या क्लिकमागे लपला. गाडी तापली, हेड फुगलं, स्टड आणखी ताणला आणि थंड झाल्यावर ढिला राहिला.

दुसऱ्या बाजूला गॅसचा जोर. सिलिंडरचं क्षेत्रफळ जवळजवळ ४,२०० चौरस मिमी आहे. स्फोटाच्या क्षणी आत ४५ बार दाब धरला तर एका सिलिंडरवर हेडला वर ढकलणारा जोर दोन टनांच्या थोडा खाली येतो. आजूबाजूचे चार-पाच स्टड तो वाटून घेतात. सगळे धडधाकट असतील तर हे काहीच नाही. पण त्यातला एक रबरासारखा आणि दुसरा गंजाने अडलेला असेल, तर गॅस्केटची ती चिंचोळी पट्टी एकटी पडते. घाटात चढताना, थ्रॉटल पूर्ण दाबलेला असताना, ती फुटते.

दुरुस्ती

नवे स्टड संपूर्ण संच म्हणून घेतले, सोबत त्याच दर्जाचे नट आणि कडक केलेले सपाट वॉशर. तयार संच मिळत नसेल तर खरादवर करून घेण्यातही गैर काही नाही. इंदूर-पिथमपूर भागात चांगलं काम करणारे हात आहेत. पण मग धातू ईएन१९ किंवा ईएन२४ (मजबूत मिश्र पोलाद) हवा, उष्णतोपचार करून घेतलेला, आणि आटे शक्यतो रोल केलेले. खरादवाल्याला "३/८ चा स्टड दे" एवढंच सांगितलं तर तो समोर पडलेल्या सळईतून देणार. त्याचा दोष नाही, स्टड कशासाठी हवाय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

भोकांची साफसफाई हा या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. मिस्त्री टॅप घेऊन निघाला होता, त्याला थांबवलं. धारदार टॅप जुन्या बिडातून प्रत्येक वेळी थोडा धातू कापतो आणि आटे ढिले होतात. त्याऐवजी जुन्या चांगल्या स्टडच्या खालच्या आट्यांना हॅकसॉने उभ्या तीन चिरा मारल्या. तो स्टड तेल लावून हाताने आत-बाहेर फिरवला की आटे कापले जात नाहीत आणि साचलेला गंज, जुना सीलंट चिरांमध्ये अडकून बाहेर येतो. प्रत्येक भोकातून काळा चिखल निघाला. मग ब्रेक क्लीनर आणि हवेचा झोत. डोळ्यांना चष्मा आणि भोकावर फडकं हवंच.

भोकाला तळ आहे की ते खाली पाण्यात उघडतं, हे बारीक तार घालून पाहिलं. तळ असलेल्या भोकात तेल किंवा पाणी राहिलं आणि वरून स्टड आवळला तर द्रवाला जायला जागा नसते. तो दाबला जात नाही, बीड मात्र तडकतं. तळापर्यंत कोरडं फडकं फिरवून खात्री केली. जे भोक पाण्यात उघडतं त्याच्या स्टडच्या खालच्या आट्यांना सीलंट लावायचा.

काठावर उचललेला धातू आधी ऑइल स्टोनने सपाट केला. सियागंजात मिळणारा साधा मोठा दगड पुरतो. त्यानंतर ९० अंशांच्या काउंटरसिंकने प्रत्येक भोकाच्या तोंडाला हाताने बारीक उतार दिला, पहिला आटा पृष्ठभागाच्या खाली जाईल एवढाच. यापुढे स्टडने ओढलं तरी काठ वर येऊन हेडला टेकणार नाही. आटे पुरेसे खोल उरलेत का, तेही मोजलं. बिडात व्यासाच्या दीडपट, म्हणजे इथे १४ मिमीच्या वर पकड हवी. ती होती. खरादच्या स्टडच्या भोकातही खालचे आटे शाबूत होते, त्यामुळे हेलिकॉइलची (खराब आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या आट्यांची) गरज पडली नाही. सरळकाठी पुन्हा ठेवली, ०.०५ मिमीचं पान कुठेच शिरलं नाही.

स्टड ब्लॉकमध्ये किती आवळायचा, यावर मिस्त्रीशी बराच वाद झाला. त्याच्या उस्तादांनी शिकवलेली पद्धत डबल नट लावून घट्ट करण्याची. माझं म्हणणं, हाताने. स्टडच्या खालच्या टोकाची पकड आट्यांनी धरायची असते आणि ती पकड वरचा नट आवळला की आपोआप येते. खाली आधीच जोर लावला तर दांड्याचा खांदा भोकाच्या तोंडात रुततो, स्टड तिरपा होतो आणि काठ पुन्हा उचलला जातो. हा सगळा त्रास आपण नुकताच घासून काढला होता. शेवटी हाताने तळापर्यंत फिरवायचं, तिथून पान्याने जेमतेम टेकवायचं आणि सोडायचं, असं ठरलं. सगळे स्टड बसल्यावर सरळकाठीने वरची उंची पाहिली. एक जवळजवळ दोन मिमी वर राहिला होता. काढून पाहिलं तर भोकाच्या तळाशी गंजाची पापडी. ती काढल्यावर ओळीत आला. हेड स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडकता सरळ खाली उतरलं. तसं उतरलं की समजायचं, स्टड सरळ उभे आहेत.

गॅस्केटवर "टॉप" आणि "फ्रंट" लिहिलेलं असतं, ते पाहून ठेवलं. त्यावर ग्रीस किंवा सीलंट काही नाही.

आवळणं

नटाच्या आट्यांना आणि नटाच्या बुडाला, दोन्हीकडे इंजिन ऑइलचा पातळ हात. वॉशरच्या खाली, हेडच्या बाजूला नाही, कारण वॉशर स्थिर राहायला हवा आणि नट त्याच्यावर फिरायला हवा. इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. कोणतं वंगण वापरायचं ते टॉर्कच्या आकड्यासोबत ठरतं. स्टडसोबत मॉलीची (मॉलिब्डेनमची, जास्त निसरडी) पेस्ट आली असेल तर त्या बनवणाऱ्याने दिलेलाच आकडा घ्यायचा. तेलासाठीचा आकडा पेस्टवर वापरला तर घर्षण कमी असल्याने ताण फार वाढतो आणि चांगला स्टडही मर्यादेपलीकडे जातो. वरच्या सूत्रात गुणांक ०.१५ घालून पाहा, सव्वातीन टनांचे सव्वाचार होतात.

क्रम मधून बाहेर, गोल फिरत. टप्पे तीन : २०, मग ३५, मग ४५ फूट-पौंड. याच घराण्यातल्या एमजीबी गाडीच्या मॅन्युअलमध्ये ४५ ते ५० दिलेत, इथे खालचा आकडा घेतला. रेंच एकसारखा, न थांबता ओढायचा. झटका देऊन किंवा मधेच थांबून पुन्हा सुरू केलं तर स्थिर घर्षण मोडायलाच जोर जातो आणि क्लिक फसवते.

आणि या वेळी टॉर्कसोबत कोनही लिहिला. शेवटच्या टप्प्याआधी प्रत्येक नटावर खूण केली आणि ३५ वरून ४५ ला जाताना तो किती फिरला ते वहीत मांडलं. स्टड शेवटी एक कडक स्प्रिंग आहे. सव्वातीन टनांना ९० मिमी लांबीचा पोलादी स्टड ०.२ मिमीच्या आसपास लांबतो. नटाचा एक फेरा म्हणजे जेमतेम १.०६ मिमी. म्हणजे गॅस्केट बसल्यानंतरची ही सगळी लांबी नटाच्या पाव फेऱ्यात येते. सगळे नट सारखेच फिरायला हवेत. जो खूप कमी फिरला तो घर्षणात अडला, जो खूप जास्त फिरला तो ताणला जातोय किंवा खाली काहीतरी बसतंय.

दहा नट जवळजवळ सारखे फिरले. सातव्या क्रमांकाचा, रॉकरच्या पायावरचा, निम्म्याहून कमी फिरून क्लिक झाला. मिस्त्री म्हणाला, "झालं ना सर, ४५ आलं." आलं होतं, पण नट सोडून बघायला लावलं. वॉशरच्या वरच्या काठावर एक बारीक कातर उठली होती आणि नटाच्या बुडात तिने गोल ओरखडा काढला होता. नवा वॉशर आणि नवा नट घातला, पुन्हा तीन टप्पे घेतले. तो बाकीच्यांसोबत आला. आधीच्या दोन्ही वेळा हीच गोष्ट कुणाला दिसली नव्हती, कारण आकड्याशिवाय दुसरं काही पाहिलंच जात नव्हतं.

टॅपेट त्यानंतर सेट केले, आधी नाही. हेड जसं खाली दबतं तशी टॅपेटची फट बदलते.

पुढे

डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट भरून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवलं आणि रात्रभर थंड होऊ दिलं. सकाळी त्याच क्रमाने एकेक नट थोडासा सोडून पुन्हा ४५ ला घेतला. न सोडता नुसता रेंच लावला तर स्थिर घर्षणामुळे क्लिक खोटी येते, म्हणून एक नट सोडायचा, आवळायचा आणि मगच पुढचा. कॉपरच्या अशा गॅस्केटला पहिल्या तापण्यानंतर थोडं बसायचं असतं. सगळे नट थोडे थोडे पुढे गेले, कुणी एकटा पुढे गेला नाही. टॅपेट पुन्हा पाहिले.

कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला १३५ ते १४० च्या दरम्यान आलं. गरम इंजिनावर रेडिएटरच्या गळ्याशी बुडबुडा नाही. काकांनी ५०० किलोमीटर चालवून गाडी परत आणली तेव्हा पाण्याची पातळी खुणेवरच होती आणि शेवटच्या तपासणीत फक्त दोन नट किंचित सरकले. ते दोघेही मधले, दुसऱ्या-तिसऱ्यातले. तिथे उष्णता जास्त असल्याने एवढं अपेक्षित होतं. पुढच्या टॅपेट सर्व्हिसला तेच दोन आधी पाहायचे, असं वहीत लिहून ठेवलंय.

आणखी एक गोष्ट मिस्त्रीने स्वतःहून केली. बॉनेटच्या आत रंगाने चार ओळी लिहिल्या : रॉकर काढण्याआधी पाणी काढा, अकराही नट क्रमाने ढिले करा, नवं गॅस्केट घाला, ४५ तेलावर.